खुर्ची मर्जीची, आयोग कुणाचा?



जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचला असेल. वर्तमानपत्रांत त्याची बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी विसरलीही गेली. महाराष्ट्र राज्य अनुसूचित जाती-जमाती आयोगाचे अध्यक्ष ज. मो. अभ्यंकर आणि दोन सदस्य न्यायालयात गेले होते. त्यांची नेमणूक २०२१ मध्ये महाविकास आघाडी सरकारने केली होती. जून २०२२ मध्ये सरकार बदलले आणि डिसेंबरमध्ये नव्या सरकारने एका आदेशाने त्यांच्या नेमणुका रद्द केल्या. आपल्या माणसांची सोय लावण्यासाठी आम्हाला काढले, अशी त्यांची तक्रार होती. न्यायालयाने याचिका फेटाळली. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा: तुमची निवड जाहिरात देऊन, अर्ज मागवून, कुठल्या प्रक्रियेने झालेली नव्हती. सरकारने आपल्या अधिकारात नेमले, सरकारनेच काढले. या पदावर राहण्याचा मूलभूत हक्क तुम्हाला नाही.

कायद्याच्या अंगाने निकालात चूक काढता येत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. ज्या आयोगाकडे अत्याचाराची तक्रार घेऊन माणूस जातो, त्या आयोगाचा अध्यक्षच सरकारच्या मर्जीवर बसलेला असतो, हे न्यायालयाने स्वच्छ शब्दांत नोंदवून ठेवले. त्यानंतर ही खुर्ची भरली सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणूक तोंडावर आल्यावर. पोलीस गुन्हा नोंदवून घेत नाहीत, आयोगाकडे जायचे तर कुणाला भेटायचे, असे मधल्या काळात वस्तीत कुणी विचारले तर अध्यक्षाचे नावच सांगता येत नव्हते.

नेमले कुणाला? अमरावतीचे माजी खासदार आनंदराव अडसूळ यांना. २०१९ मध्ये ते लोकसभा हरले. २०२४ ला अमरावतीची जागा मित्रपक्षाकडे गेली आणि त्यांना उमेदवारी मिळाली नाही. आपल्याला राज्यपालपदाचा शब्द दिला होता, हे त्यांनीच जाहीरपणे सांगितले होते. राज्यपालपद काही मिळाले नाही, मिळाले अनुसूचित जाती-जमाती आयोगाचे अध्यक्षपद. त्यांच्या आधीचे अभ्यंकर शिवसेनेच्या शिक्षक संघटनेचे नेते, पुढे २०२४ मध्ये ते उद्धव ठाकरे यांच्या पक्षाकडून मुंबई शिक्षक मतदारसंघातून विधान परिषदेवर निवडून आले. या दोघांच्या व्यक्तिगत लायकीबद्दल मला इथे काही म्हणायचे नाही, कदाचित दोघांनीही काम केले असेल. माझा मुद्दा वेगळा आहे. सरकार कुठल्याही आघाडीचे असो, हे पद पक्षातल्या माणसाची नाराजी काढण्याचे किंवा त्याच्या निष्ठेची परतफेड करण्याचे साधन मानले गेले. वर्तमानपत्रे याला 'राजकीय पुनर्वसन' म्हणतात. पुनर्वसन हा शब्द धरणग्रस्तांचा, झोपडपट्टीवाल्यांचा. पराभूत खासदाराला तो लावताना कुणाला काही वाटेनासे झाले आहे.

हे आजचे नाही. नेमणुकीच्या राजकारणाबद्दल आपल्या चळवळीची भूमिका जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी ठरलेली आहे. तरुण कार्यकर्त्यांपुढे ती नीट येत नाही, म्हणून जरा मागे जाऊ.

एक आक्षेप नेहमी ऐकू येतो: बाबासाहेबही तर नियुक्तच होते. खरे आहे. १९२७ च्या फेब्रुवारीत बाबासाहेब आणि डॉ. पी. जी. सोळंकी मुंबई विधिमंडळात आले ते गव्हर्नरने नेमलेले सदस्य म्हणून. अस्पृश्यांना निवडून येण्याचा मार्गच नव्हता. पण त्या नेमलेल्या खुर्चीत बसून त्यांनी काय केले ते पाहा. १९२८ मध्ये महार वतनाचे विधेयक आणले, म्हणजे ज्या सरकारने नेमले त्याच सरकारच्या महसुली व्यवस्थेच्या मुळाशी हात घातला. आणि १७ मे १९२९ रोजी, सायमन कमिशनबरोबर काम करणाऱ्या मुंबई प्रांतिक समितीचे सदस्य म्हणून स्वतंत्र अहवाल सादर करताना, त्यांनी नामनियुक्तीची पद्धतच बंद करा अशी मागणी केली. नेमलेला माणूस नेमणाऱ्याच्या विरोधात उभा राहू शकत नाही, तो मंत्री होऊ शकत नाही, तो समाजाला जबाबदार नसतो. म्हणून प्रौढ मताधिकार द्या आणि आमचे प्रतिनिधी आम्हाला निवडू द्या, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. स्वतः ज्या दाराने आत आलो ते दार बंद करा असे सांगणारा नियुक्त सदस्य मला तरी दुसरा माहीत नाही. 'बाबासाहेबही नियुक्तच होते' असे म्हणून आज पद घेणाऱ्यांनी १९२९ चा तो अहवाल उघडून वाचावा.

वतनाचा मुद्दा मी सहज आणलेला नाही. महार वतन म्हणजे काय होते? मोबदला नाममात्र, काम चोवीस तासांचे, मालक अनेक. सरकारचा हरकाम्या आणि गावाचाही हरकाम्या. वरून मात्र 'वतनदार' म्हणवून घ्यायचा मान. त्या मानाच्या मोहापायी समाजातलेच काही लोक वतन सोडायला तयार नव्हते, आणि बाबासाहेबांना घरच्यांशीही भांडावे लागले. ही कनिष्ठ वतने कायद्याने संपायला १९५८ चा कायदा यावा लागला, तोही बाबासाहेब गेल्यानंतर. आज राज्यमंत्री दर्जा, गाडी, केबिन आणि पाटी मिळालेला, पण निधी आणि अधिकार नसलेला अध्यक्ष पाहिला की मला वतनच आठवते.

१९३२ च्या पुणे कराराने हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा केला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा वाढल्या. पण राखीव जागेवर कोण निवडून येणार हे इतरांच्या मतांवर ठरू लागले. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत खुद्द बाबासाहेब उत्तर मुंबईतून हरले आणि काँग्रेसचे नारायण काजरोळकर जिंकले, यापेक्षा मोठा पुरावा नको. याच कराराला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, २४ सप्टेंबर १९८२ रोजी, कांशीराम साहेबांनी 'चमचायुग' प्रसिद्ध केले. पुण्यात सरकारी नोकरी करत असताना ज्यांनी महाराष्ट्रातली चळवळ जवळून पाहिली त्या माणसाचे हे पुस्तक आहे, हे आपण विसरतो. चमचा म्हणजे शिवी नव्हे, ती एक सामाजिक रचना आहे. ज्याच्या हातात चमचा आहे त्याची ताकद त्यात असते, चमच्याची स्वतःची नसते. समाजशास्त्रात आश्रयदाता आणि आश्रित अशा नात्यावर भरपूर लिहिले गेले आहे. साहेबांनी तेच एका शब्दात सांगितले.

आता आपल्या घरातले. रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झाला. भूमिहीनांच्या सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली याच पक्षाने लाखो माणसे तुरुंगात पाठवली. आणि १९६७ पासून याच पक्षात काँग्रेसबरोबर जाण्याचे राजकारण रुजले. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात आपण बेरजेतला एक आकडा झालो. पद मिळाले की एक गट खूश, दुसरा नाराज, नाराज गटाचा नवा पक्ष. १९७२ ला दलित पँथर उभी राहिली ती अत्याचारांविरुद्ध जशी, तशीच या पदांच्या राजकारणाच्या चिडीतून. तीही दोन वर्षांत फुटली. १९९० मध्ये शरद पवारांनी रामदास आठवलेंना राज्यात मंत्री केले. पँथर मंत्रालयात गेला याचा तेव्हा अनेकांना मनापासून आनंद झाला होता, आमच्या आधीच्या पिढीचे कार्यकर्ते आजही तो सांगतात. तो आनंद मी खोटा ठरवत नाही. पण त्यानंतर 'सत्तेत वाटा' या शब्दांचा अर्थ हळूहळू 'एक मंत्रिपद आणि दोन महामंडळे' असा होऊन बसला.

याला एक अपवाद झाला, आणि तो मुद्दाम आठवायला हवा. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत रिपब्लिकन ऐक्याचे चार खासदार निवडून आले: अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले. चौघेही खुल्या मतदारसंघांतून. कुणी नेमले नव्हते, मते पडली होती. काँग्रेसशी समझोता होता हे खरे, पण समझोता दोन पक्षांमध्ये झाला होता, अर्जदार आणि साहेब यांच्यात नव्हता. ते ऐक्य टिकले नाही ही आपली शोकांतिका, तिच्यावर वेगळे लिहावे लागेल.

महामंडळांकडे येऊ. संत रोहिदास महामंडळ १९७४ चे, महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १० जुलै १९७८ चे, अण्णाभाऊ साठे विकास महामंडळ ११ जुलै १९८५ चे. कल्पना चांगली होती. गरीब माणसाकडे तारण नसते, बँक दारात उभे करत नाही, म्हणून बीजभांडवल योजनेत प्रकल्पाच्या ७५ टक्के बँकेने द्यायचे, २० टक्के महामंडळाने आणि ५ टक्के लाभार्थ्याने. पण या महामंडळांच्या अध्यक्षांना राज्यमंत्री दर्जा चिकटला आणि कल्पना बदलली. त्यात २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळावर १५ टक्क्यांची मर्यादा घातली. २८८ आमदारांच्या महाराष्ट्रात ४३ पेक्षा जास्त मंत्री करता येत नाहीत. उत्तर प्रदेशात नव्वदहून जास्त मंत्र्यांची सरकारे झाली होती, त्यामुळे दुरुस्ती योग्यच होती. परिणाम मात्र असा झाला की मंत्रिपद न मिळालेल्यांची रांग महामंडळांकडे वळली. सरकार आले की 'महामंडळांचे वाटप कधी' हीच पहिली बातमी. वाटप हा शब्द बघा. रेशनचे होते, खिरापतीचे होते, तसे महामंडळाचे.

या वाटपाची किंमत कुणी मोजली ते पाहायचे असेल तर अण्णाभाऊ साठे महामंडळाचे प्रकरण पुरेसे आहे. मातंग आणि तत्सम बारा पोटजातींसाठीचे हे महामंडळ. २०१२ ते २०१४ या काळात राष्ट्रवादी काँग्रेसचे रमेश कदम त्याचे अध्यक्ष होते. २०१४ मध्ये ते मोहोळ या राखीव मतदारसंघातून आमदार झाले. जुलै २०१५ मध्ये गुन्हा दाखल झाला, तोही आपल्या उपनगरात, दहिसर पोलीस ठाण्यात. ऑगस्टमध्ये सीआयडीने त्यांना अटक केली. आरोप आहे तो तीनशे कोटींहून अधिक रकमेच्या अपहाराचा. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये कैदेत असतानाच ते ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावरच्या एका फ्लॅटमध्ये सापडले आणि तिथे ५३ लाखांहून अधिक रोकड मिळाली, हे सगळ्यांनी वाचले. आठ वर्षांनी, २०२३ मध्ये ते जामिनावर बाहेर आले.

आपण या प्रकरणात चर्चा केली ती कदमांची. चर्चा व्हायला हवी होती ती महामंडळाची. शिंप्याचे मशीन, बँडचे साहित्य, दोन म्हशी, टेम्पो, यासाठी अर्ज घेऊन हेलपाटे घालणाऱ्या मातंग तरुणाला 'घोटाळा झालाय, चौकशी चालू आहे' हे उत्तर किती वर्षे मिळाले? ज्या अण्णाभाऊंनी 'फकिरा' बाबासाहेबांना अर्पण केली, जे घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले आणि १९६९ मध्ये गोरेगावच्या सिद्धार्थनगरात गेले, त्यांच्या नावाची पाटी लावलेल्या दारात हे घडले. आणि एक प्रश्न आपल्या बौद्ध कार्यकर्त्यांना: तेव्हा आपण किती मोर्चे काढले? 'ते त्यांचे महामंडळ' असे म्हणून गप्प बसलो असू, तर जातवार महामंडळे करणाऱ्यांना हवे होते तेच झाले. २०२४ च्या निवडणुकीआधी तर परशुराम महामंडळ, महाराणा प्रताप महामंडळ अशी नवी महामंडळे एकामागून एक जाहीर झाली. प्रत्येक जातीला एक पाटी, एक अध्यक्ष.

आमच्या जोगेश्वरीलाही हे राजकारण दूरचे नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये इथले आमदार रवींद्र वायकर यांना मुख्यमंत्री कार्यालयात 'मुख्य समन्वयक' नेमले गेले, कॅबिनेट मंत्र्याच्या दर्जासह. आधीच्या सरकारात ते राज्यमंत्री होते, नव्या मंत्रिमंडळात त्यांना जागा मिळाली नव्हती. खासदार अरविंद सावंत यांनाही तेव्हाच असेच पद दिले. लाभाच्या पदाचा प्रश्न लगेच उभा राहिला. तेव्हा आक्षेप घेणारा भाजप होता. मार्च २०२४ मध्ये वायकर एकनाथ शिंदे यांच्या पक्षात गेले, भाजपच्या मित्रपक्षाचे उमेदवार झाले आणि ४८ मतांनी खासदार झाले. आक्षेप कुठे गेला ते विचारू नका. राज्यपालनियुक्त बारा आमदारांचेही तेच. घटनेच्या १७१ व्या कलमात साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतल्या जाणकारांसाठी ठेवलेल्या या जागा. २०२० मध्ये पाठवलेल्या नावांवर राज्यपालांनी निर्णयच घेतला नाही, आणि १५ ऑक्टोबर २०२४ रोजी, विधानसभा निवडणूक जाहीर होण्याच्या काही तास आधी, सात जणांचा शपथविधी उरकला. सातांपैकी बहुतेक पक्षांचे पदाधिकारी, माजी खासदार, नेत्यांची मुले.

कुणी म्हणेल, आयोगाला कायद्याचा आधार नव्हता म्हणून हे झाले. हा युक्तिवाद अर्धा बरोबर आहे. राष्ट्रीय आयोग घटनेच्या ३३८ व्या कलमातून आला, आपला राज्य आयोग २००५ मध्ये नुसत्या शासन निर्णयाने. म्हणूनच एका आदेशाने माणसे काढता आली. २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने अनुसूचित जाती आयोगाला वैधानिक दर्जा देण्यास आणि जमातींसाठी स्वतंत्र आयोग करण्यास मान्यता दिली, त्याचे स्वागतच आहे. पण राज्य महिला आयोग १९९३ च्या कायद्याने आलेला आहे. तिथे काय झाले? सरकार बदलल्यावर भाजपच्या विजया रहाटकर यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये राजीनामा दिला, दीड वर्षाहून अधिक काळ अध्यक्षपद रिकामे राहिले, तेही करोनाच्या टाळेबंदीत, घरात बायकांवरचे अत्याचार वाढल्याची ओरड असताना. ऑक्टोबर २०२१ मध्ये राष्ट्रवादीच्या महिला प्रदेशाध्यक्ष रूपाली चाकणकर यांची नेमणूक झाली. कायदा होता, खुर्ची मात्र पक्षाचीच राहिली.

म्हणून नव्या कायद्यात पाहायचे ते निवड कोण करणार हे. राज्य माहिती आयुक्त नेमताना मुख्यमंत्री, विरोधी पक्षनेता आणि एक मंत्री अशी समिती बसते. मानवी हक्क आयोगासाठी तर विधानसभा अध्यक्षही समितीत असतात. अनुसूचित जातींच्या आयोगासाठी एवढेही का नको? (२०२४ च्या निकालानंतर विधानसभेत विरोधी पक्षनेताच नेमला गेला नाही. म्हणजे अशी समिती कागदावर असली तरी तीही लंगडीच राहते. पण ती असावी ही मागणी त्याने चुकीची ठरत नाही.)

हे का महत्त्वाचे, ते परभणीने दाखवले. १५ डिसेंबर २०२४ रोजी सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश मिळायला ४ जुलै २०२५ उजाडले, तोही औरंगाबाद खंडपीठाकडून. त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे हरले. समोर सरकारच प्रतिवादी आहे, आणि त्याच सरकारने मर्जीने नेमलेला, मर्जी गेली की निघणारा अध्यक्ष त्या आईच्या बाजूने किती ताठ उभा राहणार? बाबासाहेबांनी १९२९ मध्ये विचारलेला प्रश्न हाच होता.

आणि हे सगळे फक्त वरच्या मजल्यावर चालते असे नाही. अत्याचार प्रतिबंध कायद्याच्या १९९५ च्या नियमांनुसार मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्यस्तरीय दक्षता समिती असते. तिची बैठक वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, व्हायलाच हवी. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली समिती असते, तिची बैठक दर तीन महिन्यांनी. तिच्यात अनुसूचित जाती-जमातींचे पाचपर्यंत अशासकीय सदस्य आणि इतर समाजातले, स्वयंसेवी संस्थांत काम करणारे तीनपर्यंत सदस्य घेता येतात. हे आठ जण कोण आहेत, हे तुमच्या जिल्ह्यात किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? विशेष कार्यकारी अधिकाऱ्याचे शिक्के जसे पक्षाच्या शाखेतून वाटले जातात, तशा याही जागा पालकमंत्र्यांच्या यादीतून भरल्या जातात, ही तक्रार अनेक जिल्ह्यांतल्या कार्यकर्त्यांकडून मी ऐकली आहे.

आमच्या मुंबई उपनगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा. त्यात विचारायचे एवढेच: दक्षता समितीतल्या अशासकीय सदस्यांची नावे, त्यांची शिफारस कुणी केली ते पत्र, गेल्या तीन वर्षांतल्या बैठकांच्या तारखा आणि इतिवृत्ते. आपल्या जिल्ह्याचा अर्ज प्रत्येकाने आपापल्या नावाने टाकावा. उत्तरे आली की आपण ती एकत्र मांडू.